प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : जागा वाढली की गेम कसे बदलतात?

साठवणुकीच्या जागेविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतली आठ इथे घेतली आहेत. किमती दर महिन्याला हलतात, म्हणून रुपयांचे आकडे टाळले आहेत. जे आकडे आहेत ते जागेचे आणि वेगाचे.

प्रश्न : आमच्या घरी काकांच्या जुन्या फ्लॉपींचा डबा आहे. १.४४ एमबीच्या फ्लॉपीपासून १ टीबीपर्यंत जागा लाखो पटींनी वाढली. गेम काही तितक्या पटींनी बदललेले दिसत नाहीत. असं का?
— एक विद्यार्थी, जालना

उत्तर : १ टीबी म्हणजे साधारण ६ लाख ७८ हजार फ्लॉपी. पण जागा मिळाली की दोन प्रश्न लगेच उभे राहतात. ती भरायची कशानं आणि भरलेलं वाचायचं किती वेगानं? गेमचं रूप दर वेळी या दोन गोष्टींनी ठरवलं आहे, नुसत्या जागेनं नाही.

फ्लॉपीच्या काळात गेम म्हणजे मुख्यतः प्रोग्रॅम, थोडी चित्रं आणि कोणता सूर कधी वाजवायचा याची यादी. सीडी-रॉमनं एकदम ६५० एमबी दिले, फ्लॉपीच्या जवळजवळ साडेचारशे पट. एवढी जागा नुसत्या प्रोग्रॅमनं भरणं कुणालाच शक्य नव्हतं. मग ती माणसांच्या आवाजानं, रेकॉर्ड केलेल्या संगीतानं आणि व्हिडिओनं भरली. १९९३ सालच्या ‘मिस्ट’मधलं प्रत्येक दृश्य आधीच तयार करून ठेवलेलं चित्र होतं. त्या वेळचा घरगुती कॉम्प्युटर तसं दृश्य जागेवर काढूच शकत नव्हता, सीडीवरून उचलून दाखवू मात्र शकत होता. १९९७ चा ‘फायनल फँटसी ७’ तीन सीडींवर आला. तिन्हींवर गेमचा मूळ भाग जवळपास तोच होता, वेगळे होते ते प्रामुख्यानं व्हिडिओ.

आता वेगाकडं बघा. सीडीचा मूळ वेग सेकंदाला १५० केबी. पहिल्या प्लेस्टेशनमध्ये तो दुप्पट होता, तरी २ एमबीची मुख्य मेमरी पूर्ण भरायला सात सेकंद लागायचे. म्हणून गेमचं जग खोल्याखोल्यांत तुटलं आणि दार उघडताना थांबणं आलं. निन्टेन्डो ६४ नं उलटा सौदा केला. त्याचं कार्ट्रिज फार तर ६४ एमबीचं, पण वाचायला झटपट. तिथं थांबणं कमी आणि व्हिडिओही कमी.

ब्लू-रेच्या वेळी हेच पुन्हा घडलं. ५० जीबीची डिस्क आली, पण प्लेस्टेशन ३ चा ड्राइव्ह ती सेकंदाला ९ एमबीनं वाचायचा. प्लेस्टेशन ४ मध्ये हा वेग २७ एमबी झाला. त्या वेगानंसुद्धा ५० जीबी वाचायला अर्धा तास लागतो. म्हणून गेम आधी हार्ड डिस्कवर उतरवणं सक्तीचं झालं आणि डिस्क हळूहळू फक्त माल पोचवण्याचं साधन बनली.

गेमची बांधणी खऱ्या अर्थानं बदलली ती २०२० नंतर, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समधल्या एसएसडीमुळं, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपांवर साठवणाऱ्या ड्राइव्हमुळं. त्यांची जागा ८२५ जीबी आणि १ टीबी, म्हणजे आधीच्या पिढीहून फार मोठी नाही. वेग मात्र सेकंदाला ५.५ जीबी आणि २.४ जीबी. खेळाडू वळायच्या आत पुढचं दृश्य मेमरीत येतं, त्यामुळं लिफ्ट, बोगदे आणि अरुंद फटींतून सरपटत जाणं निव्वळ लोडिंग झाकण्यासाठी घालावं लागत नाही.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, क्लासला जातो. लॅपटॉपची हार्ड डिस्क १ टीबीची, तरी ती भरली म्हणतो. एकेक गेम १५० जीबीचा असतो हे खरं आहे का? एवढं त्यात असतं तरी काय? काय काढलं तर चालेल?
— एक पालक, लातूर

उत्तर : खरं आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’च्या २०१९ च्या आवृत्तीनं काही अपडेटनंतर २०० जीबीचाही टप्पा ओलांडला. आधी एक लक्षात घ्या, १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबीच दाखवतं. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. यात फसवणूक नाही.

गेममध्ये प्रोग्रॅमचा वाटा अगदी थोडा असतो. बहुतेक जागा टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं खातात. चित्राची लांबी-रुंदी दुप्पट केली की जागा चौपट लागते. त्यानंतर आवाज. २०१४ च्या ‘टायटनफॉल’ची पीसीवरची आवृत्ती ४८ जीबीची होती आणि त्यातले ३५ जीबी निव्वळ आवाज होता, तोही न दाबलेला, म्हणजे आकार कमी न केलेला. कमी ताकदीच्या प्रोसेसरवर आवाज उलगडण्याचं ओझं पडू नये म्हणून निर्मात्यांनी जागा खर्ची घातली. स्वस्त झालेली जागा देऊन प्रोसेसरचं काम वाचवणं, असा हा हिशेब.

तिसरं कारण फार लोकांना माहीत नसतं, ते म्हणजे एकच फाईल अनेकदा ठेवणं. हार्ड डिस्कची सुई एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला ९ मिलिसेकंद घेते आणि तबकडी फिरून योग्य जागा खाली यायला सरासरी आणखी ४. सेकंदात असे जेमतेम ७५ ते १०० फेरे होतात. म्हणून एकच झाड वीस ठिकाणी लागत असेल तर त्याच्या वीस प्रती त्या-त्या भागाशेजारी ठेवायच्या, म्हणजे सुईला धावावं लागत नाही. ‘हेलडायव्हर्स २’ याच कारणानं पीसीवर १५४ जीबीपर्यंत फुगला होता. २०२५ च्या अखेरीला निर्मात्यांनी मोजून पाहिलं, तर हार्ड डिस्कवरसुद्धा लोडिंगचा मुख्य वेळ दुसऱ्याच कामात जात होता. जादा प्रती काढून टाकल्यावर गेम २३ जीबीवर आला. आमच्या मते अशी छाटणी पुष्कळ गेममध्ये शक्य आहे. ती होत नाही, कारण जागेचा खर्च निर्मात्याच्या खिशातून जात नाही.

आता तुमच्या लॅपटॉपचं. विझट्री हा मोफत प्रोग्रॅम चालवा. कुठला फोल्डर किती जागा धरून आहे ते तो काही सेकंदांत दाखवतो. मग मुलाला सोबत बसवून तीन गोष्टी बघा. न लागणाऱ्या भाषांचे आवाज, वेगळं उतरवलेलं उच्च दर्जाचं टेक्स्चर पॅक आणि एकदा संपवलेला एकट्यानं खेळायचा भाग. मोठे गेम यांतलं बरंच काही वेगवेगळं काढू देतात. स्टीमवर, म्हणजे पीसीचे गेम विकत घेऊन उतरवायच्या प्रोग्रॅममध्ये, गेमच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये अतिरिक्त सामग्रीची यादी असते, तिथल्या खुणा काढायच्या. फोल्डरमध्ये शिरून हातानं फाईल डिलीट करू नका. पुढच्या तपासणीत स्टीम त्या फाईल पुन्हा उतरवून घेतं आणि डेटा वाया जातो.

आणखी एक. मुलाचे नोट्स आणि क्लासचे व्हिडिओ त्याच डिस्कवर असतील, तर गेम काढण्याआधी त्यांची प्रत दुसरीकडं घ्या. जागा मोकळी करण्याच्या घाईत नको ते उडतं.

प्रश्न : माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक जुना डेस्कटॉप आणून ‘मोठा ड्राइव्ह टाका, गेम अडकतात’ म्हणतं. एच६१, एच८१ हे जुने मदरबोर्ड जास्त येतात. काय टाकावं आणि काय सांभाळावं?
— एक दुकानदार, उदगीर

उत्तर : या बोर्डांना अडीच इंची साटा (हार्ड डिस्कची नेहमीची जोडणी) एसएसडी द्या. ५०० जीबीच्या एसएसडीवर विंडोज आणि सध्या खेळतात ते दोन-तीन गेम, बाकी सगळं जुन्या हार्ड डिस्कवर. एच६१ चे पोर्ट ३ गिगाबिटचे, त्यामुळं वेग सेकंदाला २७०-२८० एमबीवर अडतो. एच८१ वर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, त्यांतलाच एक वापरा, तिथं ५५० एमबीपर्यंत मिळतो. पण एच६१ वरसुद्धा गिऱ्हाइकाला फरक लगेच कळेल, कारण फाईल शोधायला लागणारा वेळ १३ मिलिसेकंदांवरून ०.१ मिलिसेकंदावर येतो. अडकणं बहुधा तिथंच असतं.

कामाचा क्रम पाळा. सगळ्यात आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. ०५ किंवा सी५ या ओळींत शून्य सोडून दुसरा आकडा दिसला, तर आधी गिऱ्हाइकाचे फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. आजारी डिस्कचं क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, करायला गेलात तर ती मध्येच बसते. डिस्क ठीक असेल तर बायोसमध्ये साटा मोड बघा. जुन्या मशीनमध्ये तो पुष्कळदा आयडीई असतो. तो थेट एएचसीआय, म्हणजे एसएसडीला साजेसा नवा मोड, केला की विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, रीस्टार्ट होताना बायोसमध्ये मोड बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यायचं आणि मग नेहमीसारखं. त्यानंतर क्लोन. क्लोन झाल्यावर पहिला बूट जुनी डिस्क काढून ठेवूनच करा. दोन्ही लावून ठेवल्या तर विंडोज कुठल्या डिस्कवरून उठलं हे कळत नाही आणि ड्राइव्हची अक्षरं उलटसुलट होतात.

गेम हलवताना कट-पेस्ट नको. स्टीमच्या सेटिंगमध्ये स्टोरेजखाली नवा ड्राइव्ह जोडून ‘मूव्ह’ करा. कुणी आधीच पेस्ट केलं असेल तर तो फोल्डर स्टीमॲप्समधल्या कॉमनमध्ये ठेवून त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल म्हणा. स्टीम असलेल्या फाईल तपासतं आणि कमी असेल तेवढंच उतरवतं.

नव्या बोर्डांवर एम.२ ची, म्हणजे बोर्डावरच थेट बसणाऱ्या पट्टीसारख्या ड्राइव्हची, खाच बघा. दोन खाचांचा ड्राइव्ह बहुधा साटाचा आणि एका खाचेचा एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान प्रकारचा. बोर्डाचा स्लॉट यांतला एकच प्रकार घेत असेल तर दुसरा बसतो, पण दिसत नाही. काही बोर्डांवर एम.२ भरला की एक साटा पोर्ट बंद पडतो. ‘हार्ड डिस्क गायब झाली’ म्हणून गिऱ्हाईक परत येतं ते यामुळं. बोर्डाचं मॅन्युअल आधी उघडा.

४ टीबीची डिस्क २ टीबीच दिसत असेल तर ती जुन्या एमबीआर पद्धतीनं आखली आहे. नव्या जीपीटी पद्धतीची करा, पण डिस्क मॅनेजमेंटमधून करताना ती रिकामी असावी लागते.

स्वस्त क्यूएलसी एसएसडी गेम ठेवायला चालते, कारण गेम एकदा लिहिला की पुढं वाचायचाच असतो. तिच्या एका पेशीत ४ बिट असतात. सुरुवातीचा काही जीबी भाग वेगानं लिहिला जातो आणि तो भरला की वेग हार्ड डिस्कच्याही खाली घसरू शकतो. शंभर जीबीचा गेम टाकताना निम्म्यात वेग पडला म्हणून ड्राइव्ह खराब समजू नका. १०-१५ टक्के जागा मोकळी ठेवायला गिऱ्हाइकाला सांगा. अपडेट येताना स्टीमला जुनी मोठी फाईल बाजूला ठेवून नवी रचावी लागते, त्यालाही ती जागा लागते. आणि डीपीवर भार येऊन लाईट सारखी जात असेल तर ड्राइव्हच्या आधी यूपीएस सुचवा. अपडेटच्या मध्येच लाईट गेली की गेमच्या फाईल अर्धवट राहतात.

प्रश्न : बाजारात २ टीबीचा पेनड्राइव्ह अगदी स्वस्तात मिळतोय. गेम ठेवायला घेऊ का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : घेऊ नका. नावाजलेल्या कंपनीच्या ६४ जीबीच्या भावात २ टीबी मिळत असेल तर तो बनावट आहे. आत ८ किंवा १६ जीबीची चिप असते आणि कंट्रोलर कॉम्प्युटरला २ टीबी असल्याचं खोटं सांगतो. चिप भरली की पुढच्या फाईल आधीच्यांवर चढतात किंवा हवेत जातात. यादीत नावं आणि आकार बरोबर दिसतात, म्हणून लवकर कळतही नाही.

आधीच घेतला असेल तर एच२टेस्टडब्ल्यू चालवा. तो पूर्ण ड्राइव्ह भरतो आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतो. सेकंदाला २० एमबी लिहिणाऱ्या खऱ्या ६४ जीबीला नुसतं भरायला पाऊण-एक तास लागतो, तेव्हा धीर धरा. शेवटी खरी जागा किती आहे तो आकडा मिळतो. तेवढ्याच आकाराचं पार्टिशन करून वापरण्याचा सल्ला काही जण देतात. आम्ही देणार नाही, अशा चिपाच मुळात हलक्या असतात.

प्रश्न : सीडीएवढ्या डिस्कवर २०० टीबी बसवल्याची बातमी वाचली. अशी डिस्क घरी आली तर गेम आणि सॉफ्टवेअर कसे होतील?
— एक वाचक, परभणी

उत्तर : ते संशोधन शांघायच्या शास्त्रज्ञांचं, २०२४ साली ‘नेचर’मध्ये आलेलं. डिस्कच्या जाडीत प्रकाशानं थरावर थर लिहून १.६ पेटाबिट, म्हणजे सुमारे २०० टीबी बसू शकतात असं त्यात दाखवलं आहे. प्रयोगशाळेतलं यश आणि दुकानातला ड्राइव्ह यांत मोठं अंतर असतं. तरी अशी डिस्क आलीच असं धरून हिशेब करू.

चांगल्या हार्ड डिस्कच्या वेगानं, सेकंदाला १५० एमबीनं, २०० टीबी एकदा वाचायला साडेपंधरा दिवस लागतील. प्लेस्टेशन ५ च्या एसएसडीच्या वेगानंसुद्धा दहा तास. म्हणजे गेम तिच्यावरून थेट चालणार नाही, लागेल तो भाग एसएसडीवर येईल. भरण्याचं गणित याहून अवघड. सेकंदाला ५० मेगाबिटचा उत्तम ४के व्हिडिओ तासाला २२.५ जीबी घेतो. २०० टीबीत तो ३७० दिवस अहोरात्र चालेल. इतकं चित्रीकरण करणार कोण? चित्रकार, लेखक आणि आवाज देणारी माणसं जागेच्या वेगानं वाढत नाहीत.

मग एवढी जागा कुणाला लागेल? खऱ्या जगाची नक्कल करणाऱ्यांना. २०२० च्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’कडं पृथ्वीची उपग्रहचित्रं आणि उंचसखलपणा मिळून २ पेटाबाईटहून जास्त माहिती सर्व्हरवर आहे. तुम्ही जिथून उडता तेवढीच नेटवरून येते. युरोपात त्याची डिस्कची आवृत्ती निघाली ती दहा दुहेरी थरांच्या डीव्हीडींची, आणि तरी त्यात तपशीलवार पृथ्वी नव्हती. २०० टीबी हाताशी असतील तर गोदावरीचं अख्खं खोरं बारीकसारीक तपशिलासह नेटशिवाय उघडता येईल. आमच्या भागासाठी हा बदल मोठा ठरेल.

दुसरा उपयोग घरातल्या घरात चालणाऱ्या भाषिक मॉडेलांचा, म्हणजे चॅटबॉटमागच्या प्रोग्रॅमांचा. ८ अब्ज आकड्यांचं मॉडेल प्रत्येकी ४ बिटांत दाबलं तर ४ जीबीहून थोडं जास्त भरतं. डिस्कवर अशी हजारो मावतील, पण चालवताना ते रॅममध्ये यावं लागतं. इथंही जागा आधी मिळते आणि अडतं दुसरीकडं.

सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला जास्त महत्त्वाचा बदल वेगळाच वाटतो. जागा मुबलक झाली की प्रोग्रॅम काही फेकून देणार नाहीत. आज ‘अनडू’ फाईल बंद करेपर्यंत चालतं. पुढं हिशेबाच्या फाईलची वर्षभरापूर्वीची प्रत्येक अवस्था उघडता येईल. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाईल पद्धतींत स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या अवस्थेची नोंद) घेऊन हे आजही करता येतं. सामान्य माणसाच्या कॉम्प्युटरवर ते आपोआप व्हायला हवं.

आणि जागेशिवायही जग उभं राहतं, हे विसरू नये. १९८४ च्या ‘एलिट’मध्ये ३२ केबी मेमरीच्या मशीनवर २५६ ग्रहांच्या आठ आकाशगंगा होत्या. सगळे ग्रह साठवलेले नव्हते, सूत्रातून काढलेले होते.

प्रश्न : डिस्क विकत आणूनसुद्धा गेम पुन्हा डाऊनलोड करायला लावतो. मग डिस्क कशासाठी?
— एक वाचक, माजलगाव, जि. बीड

उत्तर : बऱ्याच गेममध्ये डिस्क आता परवान्याचं काम करते. गेम ड्राइव्हवर उतरतो, पहिल्या दिवसाचं अपडेट नेटवरून येतं आणि खेळताना डिस्क आत लागते. २०२५ च्या निन्टेन्डो स्विच २ साठी निघालेल्या गेम-की कार्डात तर गेमच नसतो, डाऊनलोडची परवानगी तेवढी असते. घेण्याआधी खोक्यावर इंटरनेट लागेल अशी सूचना आणि लागणारी जागा वाचा.

पीसीवर डेटा वाचवायचा मार्ग आहे. एकाच वायफायवरच्या दोन कॉम्प्युटरांत स्टीम २०२३ पासून गेम परस्पर पाठवू देतं. प्लेस्टेशन ५ चे गेम बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवर ठेवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत. प्लेस्टेशन ४ चे गेम खेळताही येतात.

प्रश्न : आम्ही चार मित्र देवगिरी किल्ल्यावर गेम करतोय. मराठी, दखनी आणि हिंदी आवाज द्यायचे आहेत. जागा किती धरावी? सगळे म्हणतात ४के टेक्स्चर हवेच.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : विषय छान निवडलात. ४के मात्र सरसकट नको.

बीसी७ या पद्धतीनं दाबलेलं टेक्स्चर एका ठिपक्याला एक बाईट घेतं. ४०९६ बाय ४०९६ चं एक चित्र १६ एमबी, त्याच्या लहान होत जाणाऱ्या प्रती, म्हणजे मिपमॅप, धरून २१ एमबी. एका दगडाला रंग, उठाव आणि खडबडीतपणा अशी तीन चित्रं लागतात, म्हणजे ६४ एमबी. असे ५०० पृष्ठभाग केलेत तर ३२ जीबी. तेच २०४८ मध्ये ८ जीबी.

आता तटबंदी घ्या. मीटरला ५१२ ठिपके धरले, तर २०४८ चं चित्र ४ मीटर बाय ४ मीटर भिंत झाकतं. ४० मीटर लांब आणि ८ मीटर उंच भिंतीचा प्रत्येक दगड वेगळा दाखवायचा तर असे २० संच लागतात, म्हणजे ३२० एमबी, तेही एकाच भिंतीला. काळ्या बेसाल्टचा एकच चारही कडांनी जुळणारा संच केला तर १६ एमबीत भागतं. वर शेवाळ, भेगा आणि चुन्याचे डाग यांचे दोन-तीन छोटे थर टाका, पुनरावृत्ती डोळ्यांना जाणवणार नाही. वेगळे दगड खेळाडू जवळ जाऊन बघेल तिथंच ठेवा : महादरवाजा, तोफा आणि कोरीव खांब. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, तर दिसणारच थोडं, तिथला खर्च आवाजावर करा. पावलांचा घुमणारा आवाज आणि वटवाघळांची फडफड टेक्स्चरपेक्षा जास्त काम करतील.

बोलण्याचं गणित सोपं आहे. भाषेमागं पाच तास धरले तर तीन भाषांचे पंधरा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका चॅनेलचं रेकॉर्डिंग तासाला ३४६ एमबी होतं, म्हणजे एकूण ५.२ जीबी. हे मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा. गेममध्ये ६४ किलोबिटचा दाबलेला आवाज द्या, पंधरा तास ४३२ एमबीत बसतात. प्रत्येक भाषा वेगळं डाऊनलोड ठेवा. पार्श्वभूमीचे छोटे आवाज मात्र फार दाबू नका. एकाच वेळी चाळीस आवाज उलगडताना हलक्या प्रोसेसरवर गेम धक्के खातो.

रोजच्या २ जीबी डेटावर १५० जीबीचा गेम उतरवायला ७५ दिवस लागतात. तुमचा पहिला खेळाडू कन्नड, वैजापूर, सिल्लोडचा असेल तर पहिलं डाऊनलोड २ जीबीच्या आत बसवा आणि बारीक टेक्स्चर ऐच्छिक ठेवा.

जागा खरी लागेल ती तुमच्या बाजूला. २४ मेगापिक्सेलचा रॉ फोटो २५-३० एमबीचा. २००० फोटो काढले तर ५०-६० जीबी, आणि त्यातून त्रिमितीय मॉडेल बांधताना तात्पुरत्या फाईल त्याच्या कित्येक पट होतात. त्यासाठी १ टीबीची वेगळी टीएलसी (एका पेशीत ३ बिटांची) एसएसडी ठेवा, क्यूएलसी इथं टिकणार नाही. गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टेक्स्चर थेट टाकू नका. दर बदलाची पूर्ण प्रत साठत जाते आणि गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाईल घेतही नाही. पहिल्या दिवसापासून गिट एलएफएस (मोठ्या फाईलसाठीची त्याची जोड) लावा, नंतर इतिहास साफ करणं जिकिरीचं होतं. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, ट्रायपॉड किंवा ड्रोन नेण्याआधी लेखी परवानगी घ्या.

प्रश्न : आमच्या शाळेत १२ कॉम्प्युटर आहेत. नेट कधी असतं, कधी नसतं. १ टीबीचा ड्राइव्ह मिळणार आहे. त्यावर मुलांसाठी काय आणि कसं ठेवावं?
— जि. प. शाळेतील शिक्षिका, कंधार, जि. नांदेड

उत्तर : मोठ्या जागेचा याहून चांगला उपयोग आम्हाला सुचत नाही. मागताना एसएसडीच मागा. बारा मुलं एकाच हार्ड डिस्कवरून वेगवेगळं वाचू लागली की सुई धावत राहते आणि सगळेच खोळंबतात.

किविक्स हा मोफत प्रोग्रॅम विकिपीडिया नेटशिवाय उघडतो. मराठी विकिपीडिया आकारानं लहान आहे, तो पूर्ण चित्रांसह घ्या. इंग्रजी चित्रांसह १०० जीबीच्या पुढे जातो, तोही १ टीबीत आरामात बसतो. विज्ञानासाठी फेटची आभासी प्रयोगसाधनं घ्या, त्यांतली बरीच मराठीत आहेत आणि किविक्सच्या स्वरूपात मिळतात. प्रोग्रॅमिंगसाठी स्क्रॅचची ऑफलाइन आवृत्ती प्रत्येक कॉम्प्युटरवर टाका. पाठांचे व्हिडिओ ४८० च्या दर्जाचे पुरतात. सेकंदाला ६०० किलोबिट धरले तर तासाला २७० एमबी, म्हणजे ५०० तास १३५ जीबीत. बाराही मुलांनी एकदम लावले तरी नेटवर्कवर जेमतेम ७ मेगाबिटचा भार.

उतरवायचं काम नांदेडला चांगल्या फायबरवर करा. ४० मेगाबिटवर ११५ जीबीला साडेसहा तास लागतात. टॉरेंटचा दुवा वापरा. मध्ये लाईट गेली तरी जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं आणि प्रत्येक तुकडा आपोआप तपासला जातो. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून न्या. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जातच नाही. जागा भरपूर असूनही ‘फाईल फार मोठी आहे’ असं येतं ते याच कारणानं.

शाळेत सगळ्यांत बऱ्या कॉम्प्युटरला ड्राइव्ह लावा आणि किविक्समधला स्थानिक सर्व्हर सुरू करा. पडद्यावर जो पत्ता दिसेल तो बाकीच्या अकरा ब्राउझरमध्ये टाकायचा. अडचणी बहुधा दोनच येतात. विंडोजचं फायरवॉल पहिल्यांदा विचारतं तेव्हा खासगी नेटवर्कला परवानगी दिली नाही, तर बाकी कुणालाच काही दिसत नाही. आणि लाईट जाऊन आली की राउटर त्या कॉम्प्युटरला नवा पत्ता देतो, मग मुलांनी साठवलेले दुवे उघडत नाहीत. राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरसाठी पत्ता कायमचा राखून ठेवा.

दुसरी प्रत एखाद्या जुन्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती शाळेबाहेर ठेवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत एसएसडी पत्र्याखालच्या खोलीत बंद पडून राहू देऊ नका. वीज नसताना आणि उष्णतेत तिच्यातली माहिती हळूहळू क्षीण होते, जुन्या झिजलेल्या एसएसडीत तर जास्तच. जूनमध्ये शाळा उघडली की दोन्ही प्रतींमधल्या मोठ्या फाईल प्रत्यक्ष उघडून बघा, आणि विकिपीडियाची नवी आवृत्ती आली असेल तर जुनी काढण्याआधी नवी बाराही कॉम्प्युटरांवर चालते याची खात्री करा.